चिवड्याची पुडी

दोस्तांनो, मचाण म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे बंदूकवाला शिकारी उभा राहत असेल, हो ना? आपल्याकडे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. शिकाऱ्यांचे तळ गेले, मचाण मात्र राहिलं. आता बुद्धपौर्णिमेच्या रात्री त्यावर बसतात ते प्राणी मोजायला. वैशाखात ओढे आटतात, जनावरं उरल्यासुरल्या पाणवठ्यांवर येतात, आणि चांदणं असं की बॅटरी लागत नाही.

मेळघाटात मी असाच एकदा गेलो होतो. दुपारी तळावर सूचना मिळाल्या : भडक कपडे नकोत, अत्तर नको, बोलायचं नाही, सकाळपर्यंत खाली उतरायचं नाही. एक जण सेंट लावून आला होता. त्याला मीच सगळ्यांदेखत झापलं! (दुसऱ्याला शिकवायची आपल्याला भारी हौस.)

माझ्याबरोबर मचाणावर एक कोरकू वनमजूर काका होते. माझ्या पिशवीतली चिवड्याची प्लॅस्टिकची पुडी पाहून ते म्हणाले, "दादा, ही खाली ठेवा."

"उघडणार नाही हो काका," मी म्हटलं.

आणि खरंच उघडली नाही.

रात्री साडेअकराला सांबराची मादी आली. मागे पाडस. पाण्यापासून दहा पावलांवर ती थांबली. कान फिरवले, नाक वर केलं. एक पाऊल टाकलं, पुन्हा थांबली. किती वेळ हेच चाललं होतं! शेवटी पाडसाने पाण्याकडे मान खाली केली, आणि मी नोंदवही काढायला पिशवीत हात घातला.

चुर्रर्र.

एवढाच आवाज. मादीने पाय आपटला, जंगल दणाणेल अशी हाक दिली आणि दोघं झाडीत नाहीशी झाली. काका काहीच बोलले नाहीत. मी पहाटेपर्यंत त्या झाडीकडे पाहत होतो.

"परत येतील ना?" उजाडल्यावर विचारलं.

"आता दुसऱ्या पाण्यावर जातील. लांब आहे."

तक्त्यात मी लिहिलं : सांबर मादी १, पिल्लू १. पाणी प्यायली का, असा रकानाच त्यात नव्हता.

खाली उतरल्यावर काकांपुढे चिवडा धरला. त्यांनी मूठभर घेतला, बाकीचा मला खायला लावला. मग रिकामी पुडी नीट घडी करून माझ्याच खिशात घातली.