चौघांत एक पिस्तूल

'पिस्तूल' हा शब्द शाळेच्या वार्षिक अंकात वाचून कोणा पालकांच्या भुवया उंचावल्या, तर त्यात नवल नाही. चित्रपटांनी आणि रहस्यकथांनी त्या वस्तूची अब्रू पार धुळीस मिळविली आहे. म्हणून आरंभीच सांगून टाकतो, की आमचे पिस्तूल दहा मीटरांवरील कागदाच्या तुकड्याखेरीज कोणाचेही वाकडे करीत नाही.

आम्ही म्हणजे इयत्ता नववीतील चौघे, राहणार अकोटा, बडोदे. (विदर्भातील अकोट नव्हे, नागपूरकडील पाहुण्यांजवळ हा खुलासा आम्हांस नेहमी करावा लागतो.) गेली दोन वर्षे आम्ही शहरातील एका नेमबाजी केंद्रावर तेथलीच पिस्तुले हाती घेऊन सराव करीत होतो. यंदा एका माजी विद्यार्थ्याने शाळेच्या नेमबाजी पथकासाठी ५०,००० रुपयांची देणगी दिली, आणि आमच्या क्रीडाशिक्षकांनी ती रक्कम जणू आमच्या पुढ्यात ठेवून म्हटले, "एकच पिस्तूल घ्यावयाचे आहे. ते चौघांच्या हातात बसले पाहिजे. निवड तुम्ही करा. परंतु कारणे लिहून द्या." एवढा विश्वास टाकलेला आम्हांस फारसा सवयीचा नव्हता. पुढील तीन आठवडे आमच्यात जे वाद झाले, त्यांचाच हा वृत्तान्त होय.

पहिल्याच बैठकीत एकाने अर्धस्वयंचलित पिस्तुलाचा आग्रह धरला. त्याच्या आग्रहामागे कोल्हापूरच्या राही सरनोबत होत्या. २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांनी २५ मीटर पिस्तूल प्रकारात दोन 'शूट-ऑफ' खेळून सुवर्णपदक मिळविले. त्या स्पर्धांत नेमबाजीचे सुवर्ण मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. या प्रकारातील पिस्तूल ०.२२ बोअरचे, पाच काडतुसांचे असते. चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. मात्र त्या स्फोटाच्याच धक्क्याने रिकामे पुंगळे बाहेर फेकले जाते आणि पुढचे काडतूस नळीत येऊन बसते. अर्धस्वयंचलित म्हणतात ते एवढ्याच अर्थाने. द्रुतगती फेरीत लक्ष्य तीन सेकंद दिसते आणि सात सेकंद लपते. तेवढ्यात हात खालून वर आणून गोळी झाडावयाची. तेथे हाताने काडतूस भरीत बसणे शक्यच नाही. आमच्या मित्राने हे सारे इतक्या रसाळपणे सांगितले, की क्षणभर आम्ही सगळेच त्याच्या बाजूचे झालो.

परंतु कायदा रसाळ नसतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे २१ वर्षांखालील व्यक्तीस अग्निशस्त्र स्वतःजवळ बाळगता येत नाही. प्रशिक्षणापुरती, नियमांच्या चौकटीत राहून, त्याहून लहान नेमबाजास ते वापरता येते. परदेशी पिस्तूल मागविण्याची सवलत नामांकित नेमबाजांपुरतीच असते. त्यातून काडतुसांचा खर्च वेगळाच. पिस्तूल एकदाच घ्यावे लागते, काडतुसे मात्र रोज. आणि नेमबाजी ही हजारो वेळा तेच ते करण्याची विद्या आहे. उलट ४.५ मि.मी. नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंत शक्तीच्या हवेच्या पिस्तुलास परवाना लागत नाही. स्पर्धेतील हवेच्या पिस्तुलाची शक्ती तर सहा ज्यूलच्या आसपास असते. छर्राही काडतुसाच्या मानाने पुष्कळच स्वस्त. आमच्या मित्राने सुस्कारा टाकला आणि राहींचे छायाचित्र पुन्हा वहीत ठेवून दिले. ते अजून तेथेच आहे, आणि त्याला एकविसावे वर्ष लागावयास काही फार काळ नाही.

येथून खरा प्रश्न सुरू झाला : अचूक पिस्तूल म्हणजे काय? कारखानदार पिस्तूल शिकंज्यात घट्ट आवळून छर्रे मारून पाहतात आणि ते कागद मालाबरोबर धाडतात. अशी काही कार्डे आम्ही केंद्रावर पाहिली. स्वस्तातल्या सामना-पिस्तुलाच्या कार्डावरही पाच छर्‍यांचे मिळून एकच फाटके भोक होते. म्हणजे नळीच्या दृष्टीने पाहता जवळजवळ प्रत्येक बरे पिस्तूल आमच्यापेक्षा हुशार! मग आमचे छर्रे सातच्या आणि सहाच्या वर्तुळांत हिंडतात ते कशामुळे?

आमच्या प्रशिक्षकांनी खडू हाती घेतला आणि फळ्यावर दोन त्रिकोण काढले. भूमितीचा असा उपयोग होतो हे आधी कळते तर आम्ही त्या तासाला अधिक जागे राहिलो असतो. दहा मीटरांच्या लक्ष्यातील १० चे वर्तुळ ११.५ मि.मी. व्यासाचे, म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढे. छर्रा त्या रेषेस नुसता शिवला तरी दहा गुण. म्हणजे छर्‍याचा मध्य केंद्रापासून ८ मि.मी.पर्यंत सरकलेला चालतो. आता हात जसाच्या तसा, समांतर, ५ मि.मी. हलला तर छर्राही ५ मि.मी.च हलेल, दहा गुण शाबूत. परंतु मागील खाच आणि पुढील माशी यांची सरळ रेषा बिघडली तर? ज्या पिस्तुलात या दोहोंमधील अंतर ३६० मि.मी. आहे, त्यात १ मि.मी. चुकले की लक्ष्यावर सुमारे २८ मि.मी.ची चूक होते. दहा गुण राखावयाचे तर पाव मिलिमीटराहून किंचितच अधिक मोकळीक मिळते. २५ मीटरांच्या पिस्तुलात हे अंतर नियमानेच २२० मि.मी.पर्यंत मर्यादित असल्याने तीच १ मि.मी.ची चूक तेथे सुमारे ११४ मि.मी. होते, आणि तेथील दहाचे वर्तुळ अवघे ५० मि.मी. व्यासाचे! हे ऐकून अर्धस्वयंचलितवाल्या मित्राचा चेहरा बराचसा निवळला.

म्हणून नेमबाज लक्ष्याकडे पाहत नाही, माशीकडे पाहतो. काळे वर्तुळ धूसरच दिसू द्यावयाचे असते. आणि ही रेषा बिघडविणारा मुख्य गुन्हेगार म्हणजे चाप. तो खरखरीत असला, किंवा अचानक सुटला, की बोटाबरोबर सारी मूठ आवळली जाते. हवेच्या पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅमचे वजन पेलणारा असावा लागतो, आणि स्पर्धेपूर्वी प्रत्यक्ष वजन टांगून तो तपासतात. चांगल्या चापाची खूण आम्हांस अशी शिकविण्यात आली, की पहिली ढील संपते, बोटास एक स्पष्ट पायरी लागते, आणि तेथून काच तडकावी तसा तो सुटतो. त्या दिवसापासून आम्ही दुकानात पिस्तुलाच्या रंगाकडे पाहणे सोडून दिले. बडोदेकरांना तर हे सांगावयास नकोच. गायकवाडांच्या सोन्याचांदीच्या तोफांचा डामडौल आपण आजोबांकडून ऐकतो. त्या मिरवणुकीत शोभल्या, नेमाची परीक्षा त्यांना कोणी दिली नाही.

विजेवर चालणारे चापही असतात, आणि ते फार गुळगुळीत असतात हे आम्ही नाकारीत नाही. परंतु टोकियोची ऑलिंपिक स्पर्धा (ती २०२१ साली झाली) आम्हांस आठवत होती. मनू भाकर यांचे पिस्तूल प्राथमिक फेरी चालू असताना बिघडले, दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली, आणि ५७५ गुण होऊनही अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. २०२४ साली पॅरिसमध्ये याच बाईंनी दोन कांस्यपदके मिळविली, ही गोष्ट वेगळी. त्यांच्यापाशी दुरुस्ती करणारे होते. आमच्यापाशी स्क्रू-ड्रायव्हर आणि उत्साह. चाप यांत्रिकच असावा, हे एकमताने ठरले.

त्याच पॅरिसमधील तुर्की नेमबाज युसुफ दिकेच यांचे चित्रही चर्चेत आलेच. साधा चष्मा, एक हात खिशात, आणि मिश्र सांघिक स्पर्धेत रौप्यपदक! 'साधनांवाचून काही अडत नाही' असा अर्थ अनेकांनी त्या चित्रातून काढला. आम्हांस तो अर्थ पटत नाही. त्यांनी गाळले होते ते खास भिंग आणि डोळ्यांवरील झडपा. हातातले पिस्तूल मात्र अस्सल सामन्याचेच होते. कशावाचून चालते आणि कशावाचून चालत नाही, हे त्यांना ठाऊक होते इतकेच.

आता हवेचा प्रश्न. स्प्रिंगचे पिस्तूल सर्वांत स्वस्त; पण छर्रा नळीत असतानाच आतील दट्ट्या धाव घेतो आणि हातास पुढेमागे हिसका बसतो. नळकांड्यात २०० बार दाबाची हवा भरून ठेवणारे पिस्तूल सर्वांत सुखाचे. परंतु ती हवा भरावयास पंप किंवा मोठी टाकी लागते, आणि त्या नळकांड्याचे आयुष्य कारखानदार साधारणतः दहाच वर्षांचे सांगतात. जुने पिस्तूल घेताना हे पाहावयास हवे. एका दुकानदाराने आम्हांस मोठ्या आपुलकीने दाखविलेल्या पिस्तुलाच्या नळकांड्यावरील तारीख पाहता त्याची दहा वर्षे केव्हाच सरली होती. तारखेवर बोट ठेवताच त्यांची आपुलकी थोडी ओसरली. तिसरा प्रकार एका दट्ट्याचा : नळीखालची तरफ एकदा पूर्ण उघडून मिटावयाची, की त्या एका छर्‍यापुरती हवा दाबली जाते. ना पंप, ना टाकी, ना तारीख. हिसका जवळजवळ नाहीच. मात्र प्रत्येक छर्‍यास तरफ मारावी लागते, आणि स्पर्धेत छर्रे साठ असतात.

अखेर आमच्यापुढे दोनच पिस्तुले उरली. एक नवे, नळकांड्याचे, देणगीची सारी रक्कम गिळून वर आणखी मागणारे. दुसरे रशियातील इझेव्स्क येथे घडलेले 'बैकल' कारखान्याचे इझ-४६ एम, एका वृद्ध नेमबाजांनी जपून वापरलेले. दिसावयास ते अगदी शेतकी अवजारासारखे. पण माशी आणि खाच यांतील अंतर तेच ३६० मि.मी., वजन सुमारे १३०० ग्रॅम, चाप पुढेमागे सरकविता येणारा. आणि शिवाय हवा न दाबता नुसता चाप चढवून कोरडा सराव करता येणारा. घरी भिंतीसमोर उभे राहून फुकट करावयाचा हा सराव आमचे प्रशिक्षक अर्धी नेमबाजी मानतात.

अडचण होती ती दोन हातांची. आमच्यातील एक डावखुरा आहे, आणि सामना-पिस्तुलाची लाकडी मूठ उजव्या किंवा डाव्या तळव्यासाठीच कोरलेली असते. तो बिचारा "मी उजव्या हाताने शिकेन" म्हणावयास तयार झाला. त्यावर सरांनी हंगेरीच्या कारोली तकाच यांची गोष्ट काढली. १९३८ साली हातबॉम्बने उजवा हात निकामी झाल्यावर ते डाव्या हाताने शिकले आणि १९४८ व १९५२ या दोन्ही ऑलिंपिकांत द्रुतगती पिस्तुलाचे सुवर्ण त्यांनी जिंकले. "परंतु तकाच यांना दुसरा हात उरला नव्हता," सर म्हणाले, "याचा चांगला धडधाकट आहे. हात बदलू नका, मूठ बदला."

दुसरी अडचण आमच्यातील सर्वांत लहान मुलीची. नळकांड्याच्या पिस्तुलाची मूठ तिला इतकी मोठी, की चापावर बोटाचे टोकही नीट टेकेना. रशियन पिस्तुलाच्या चापास तिचे बोट सहज पोचले. पण तरफ मिटताना तिचे दोन्ही दंड थरथरत. दहाव्या छर्‍याला ती थांबली. आम्ही तिघे गप्प राहिलो, कारण जे पिस्तूल आम्हांस आवडले होते त्याची किंमत तीच एकटी देणार होती. मग आम्ही ठरविले, की मत तिने एकटीनेच द्यावे. तिने दोन्ही पिस्तुले पुन्हा एकदा हातात धरून पाहिली आणि म्हणाली, "अंगात बळ येईल. बोट काही लांब व्हायचं नाही." सरांस द्यावयाच्या कागदावर आम्ही कारण म्हणून हेच वाक्य पहिले लिहिले.

डाव्या हाताची मूठ अकोट्यातीलच एका सुतारकाकांनी सागवानात कोरून दिली. त्यांनी आधी आमच्या मित्रास ओल्या मातीचा गोळा मुठीत दाबावयास लावला, आणि त्या ठशावरून लाकूड उतरविले. मूठ मनगटास टेकता कामा नये असा नियम आहे, तो सांगताच काका म्हणाले, "मग हा खेळ मनगटाचा आहे तर!" आणि कडा आणखी दोन सूत तासून काढली.

उभे कसे राहावे, हे पाहण्यासाठी सर एका रविवारी आम्हांस बडोदा संग्रहालयात घेऊन गेले. तेथे आमच्याच अकोट्यात, म्हणजे प्राचीन अंकोट्टकात, १९५१ साली सापडलेल्या जैन धातुमूर्ती आहेत. त्यांत कायोत्सर्ग मुद्रेत उभे असलेले जीवंतस्वामी दिसतात. अहिंसेच्या मूर्तीकडे पिस्तुलाच्या निमित्ताने जाणे कोणास विपरीत वाटेल. परंतु दोन्ही पायांवर सारखा भार आणि सैल सोडलेले खांदे याहून स्पष्ट शब्दांत सांगता येत नाहीत.

पिस्तूल, मूठ आणि पेटी मिळून ४१,००० रुपये झाले. उरलेल्या नऊ हजारांचे छर्रे आणि लक्ष्याचे कागद घेतले. मूठ बदलावयास वेळ जातो, म्हणून डावखुऱ्याचा क्रम शेवटी लावला आहे. सर्वांत लहान मुलीची मजल सध्या चाळिसाव्या छर्‍यापर्यंत गेली आहे. पुढील वीस वेळा तरफ आमच्यापैकी कोणीतरी मारतो, आणि ते वीस गुण ती आपल्या वहीत लाल शाईने, वेगळ्या रकान्यात लिहून ठेवते.