फोन आडवा करू नये

पूर्वी आमच्या घरात जेवणानंतर मीच काय तो आडवा होत असे. हल्ली फोनही होतो. त्यातून काय ओढवतं, ते ऐका.

आईच्या औषधांसाठी आमच्या कन्येनं एक अ‍ॅप तयार केलं. पडद्यावर गोळ्यांची यादी, शेजारी चौकोन. गोळी घेतली की चौकोनावर बोट ठेवायचं, बरोबरची खूण उमटते. पहिल्याच सकाळी आईनं रक्तदाबाची गोळी घेतली, खूण केली. तासाभरानं, चष्मा सापडेना म्हणून, अक्षरं मोठी दिसतील या आशेनं मी फोन आडवा केला. खूण गायब!

कर्तव्यदक्ष चिरंजीव गोळी आणि पाण्याचं भांडं घेऊन हजर.

"अरे, घेतली की मघाशी!"

"फोन नाही म्हणतोय, आई."

ब्याऐंशी वर्षांच्या आईपेक्षा आदल्या रात्री जन्मलेल्या अ‍ॅपवर माझा विश्वास! "मीच विसरले असेन," म्हणत तिनं हात पुढे केला. एवढ्यात माझं लक्ष भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेलं. आजच्या तारखेवर पेन्सिलीची फुली होती. जुनी सवय तिची. गोळी डबीत परत गेली; गोळा माझ्या पोटात आला.

कन्येनं निदान केलं. फोनमध्ये 'एसक्यूलाइट' नावाची एक वही असते. रिचर्ड हिप यांनी २००० साली केलेली ही वही आज जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनच्या पोटात आहे. तीत लिहिलेलं फोन बंद केला तरी राहतं. पण आईची खूण वहीत गेलीच नव्हती. पडद्यानं ती नुसती ध्यानात ठेवली होती. आणि अँड्रॉइडवर फोन आडवा केला की एरवी जुना पडदा मोडून नवा मांडला जातो. नव्यानं वही उघडली, तर वही कोरी!

"मग आता?"

"आता बोट लागलं की आधी वहीत नोंद, बाबा. पडद्यानं स्वतःची वेगळी यादी ठेवायची नाही. वही बदलली की तिच्यात बघून तेवढंच दाखवायचं."

म्हणजे वाणसामानाच्या बाबतीत आमच्याकडे तीस वर्षं चाललंय तेच. यादी हिची, मी पडदा.

आता फोन उभा-आडवा कसाही करा, खूण हलत नाही. आई मात्र अजून फुली मारते. परवा म्हटलं, "आता कशाला?"

"असू दे रे," ती म्हणाली, "भिंत काही कुणी आडवी करत नाही."