पिन कुणी काढायची?

६ नोव्हेंबर २०२१, शनिवार. भाऊबीज. सकाळी अकराच्या सुमारास नगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या करोना अतिदक्षता विभागाला आग लागली. आत १७ रुग्ण होते. त्या दिवशी ११ जण गेले.

त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्षातली दहा बाळं आगीत दगावली होती. त्यानंतर राज्यभरच्या रुग्णालयांचं फायर ऑडिट करण्याचे आदेश निघाले. मी विद्युत अभियंता. हे ऑडिट माझ्या रोजच्या कामाचाच भाग. म्हणून आगीइतकेच मला मधले दहा महिने छळतात.

अतिदक्षता विभाग पेटायला फार काही लागत नाही. एसी आणि व्हेंटिलेटर चोवीस तास चालू, एकाच बोर्डावर चार यंत्रं, खिडक्या बंद. साध्या हवेत २१ टक्के प्राणवायू असतो. इथे मास्कमधून सतत गळून तो वाढतो आणि ठिणगीचा भडका होतो. त्यात फोमच्या गाद्या, प्लॅस्टिकच्या नळ्या. ज्वाळेच्या आधी धूर मारतो. २०११च्या डिसेंबरात कोलकात्याच्या आमरी रुग्णालयात तळघरातल्या आगीचा धूर वरच्या मजल्यांवर चढला आणि सुमारे नव्वद माणसं गेली, बहुतेक गुदमरून.

हे सगळं ऑडिटच्या अहवालात येतं. पुढे अहवालाचं प्राक्कलन होतं, मग तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता, निधी, निविदा, कार्यारंभ आदेश. पैसा जिल्हा नियोजन समितीचा असो वा आरोग्य विभागाचा, वाट हीच. यातला एखादा कागद अडला की वायरिंग जुनंच राहतं. मार्च जवळ आला की मात्र घाई होते आणि जे पटकन विकत घेता येतं तेच आधी येतं. ते म्हणजे भिंतीवर टांगायचे लाल सिलिंडर.

एका ग्रामीण रुग्णालयात मी सिस्टरना विचारलं, "हे कधी चालवून पाहिलंय?"

"नाही हो सर. पिन काढली तर परत भरायला पैसे कुठून आणायचे? रजिस्टरला नोंद आहे त्याची."

मला उत्तर सुचलं नाही. सिलिंडर आणायला लेखाशीर्ष होतं. तो हाताळायला शिकवायला नव्हतं. महाराष्ट्राच्या २००६च्या अग्निप्रतिबंध कायद्यानुसार इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. यंत्रणा चालू स्थितीत असल्याची ती हमी. पण यंत्रणा चालू असणं वेगळं आणि रात्रपाळीच्या दोन सिस्टरना ती चालवता येणं वेगळं. नगरच्या आगीनंतर डॉक्टर निलंबित झाले, परिचारिकांना अटक झाली. चूक कुणाची हे न्यायालय ठरवेल. माझा प्रश्न त्याआधीचा आहे: आगीच्या वेळी ज्यांनी धावायचं, त्यांच्या नावावर आगीआधी आपण किती रुपये टाकतो?

म्हणून आता मी प्राक्कलनातच तीन ओळी घालायचा आग्रह धरतो: पाच वर्षांची देखभाल, दर तिमाहीची मॉक ड्रिल आणि पुनर्भरणाचा खर्च. पंप, पाइप, वायरिंगच्या तुलनेत ही रक्कम किरकोळ असते. तरी कात्री पहिल्यांदा तिलाच लागते.

तोवर एक बिनखर्चाची युक्ती आहे. पुनर्भरणाची तारीख आलेला सिलिंडर कंपनीकडे तसाच पाठवू नका. आधी आवारात नेऊन सरावात रिकामा करा. नाहीतरी तो भरायचाच असतो. पुढच्या खेपेला त्याच ग्रामीण रुग्णालयाच्या मागच्या मोकळ्या जागेत आम्ही पालापाचोळा पेटवला. सिस्टरनी पिन ओढली, मूठ दाबली आणि पांढऱ्या भुकटीचा लोट सुटताच दोन पावलं मागे सरकल्या.

"अगंबाई! एवढा आवाज होतो होय?"

आग विझली होती. त्यांनी दुसरा सिलिंडर मागितला.