दहाच्या वर्तुळाची किंमत

पन्नास मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं, शर्टाच्या बटणाएवढं. फायरिंग पॉइंटवरून ते दिसत नाही. दिसतो तो ११२.४ मिलिमीटरचा काळा गोल. त्याच्या पोटात न दिसणाऱ्या त्या बटणावर साठ गोळ्या मारायच्या: वीस गुडघ्यावर बसून, वीस पालथं पडून, वीस उभं राहून. हा खेळ मी आधी खेळलो आणि आता शिकवतो. शिकवायला लागल्यापासून एक प्रश्न मला जितका विचारला गेला तितका दुसरा कुठलाच नाही. मूल एअर रायफलवरून पॉइंट टू-टूकडे वळतं, एक-दोन राज्य स्पर्धा होतात, आणि वडील बाजूला घेऊन विचारतात, "सर, आता हिला स्वतःची चांगली रायफल घ्यायलाच हवी ना?"

चांगली म्हणजे अँशुट्झची किंवा वॉल्थरची, आणि तीही वरच्या श्रेणीतली. दोन्ही कंपन्या मूळच्या थुरिंगियातल्या झेला-मेलिसच्या. महायुद्धानंतर दोन्ही उल्म शहरात येऊन पुन्हा उभ्या राहिल्या. आज तिथल्या उत्तम मॅच रायफलीला चार-पाच हजार युरो पडतात, आणि आयातीचे सगळे सोपस्कार होऊन ती इथे हातात येईपर्यंत आकडा पाच-सहा लाखांच्या घरात जातो. विचारणारे वडील बहुतेकदा शिक्षक असतात, एसटीत किंवा साखर कारखान्यात नोकरीला असतात. कुणी पीएफ काढायला निघालेलं असतं, कुणी जमिनीवर कर्ज. म्हणून या प्रश्नाचं उत्तर तोंडातल्या तोंडात देणं मला जमत नाही.

आधी गोळीबद्दल बोलू, कारण रायफलीच्या किमतीचं निम्मं रहस्य तिच्यात आहे. पॉइंट टू-टू लाँग रायफल हे काडतूस १८८७ सालचं, अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीचं. त्याची पेट घेणारी दारू बुडाच्या मधोमध नसते, बुडाच्या कडेच्या पोकळ घडीत भरलेली असते. फायरिंग पिन ती कडा चेपते आणि गोळी सुटते. एकदा चेपलेली कडा पुन्हा भरता येत नाही, म्हणून वापरलेलं केस थेट भंगारात जातं. मोठ्या बोअरचे नेमबाज घरी बसून दारू मोजतात, बुलेट निवडतात, आपल्या बॅरलला सोसेल असं काडतूस स्वतः बांधतात. आमच्या हातात ते नाही. बर्मिंगहॅमच्या एलीने, लापुआने किंवा आरडब्ल्यूएसने डबीत जे भरलं असेल तेच झाडायचं.

आता हिशेब पाहा. ही २.६ ग्रॅमची शिशाची गोळी सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाने निघते, म्हणजे आवाजापेक्षा थोडी हळू. पन्नास मीटर जाईपर्यंत ती साधारण बारा सेंटिमीटर खाली येते. दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला दहा मीटरचा फरक पडला, तर टार्गेटवर सात मिलिमीटर उंचीचा फरक पडतो. रायफल कितीही किमतीची असो, तो फरक तिला पुसता येत नाही. त्यामुळे एकाच नावाच्या, एकाच मशीनवर निघालेल्या दोन लॉटपैकी एक तुमच्या बॅरलमधून सुंदर ग्रुप देतो आणि दुसरा विखुरतो. जर्मनीत शोनेबेकला लापुआचं टेस्ट सेंटर आहे. तिथे रायफल शिकंज्यात पकडून एकेका लॉटच्या दहा-दहा गोळ्या मारतात आणि जो लॉट पसंत पडेल तो घाऊक उचलतात. मोठे नेमबाज यासाठी विमानाचं तिकीट काढतात, आणि ते पैसे वाया जात नाहीत. इथल्या इथेही हे करता येतं: क्लबमध्ये असतील तेवढे लॉट, एक बरं बेंच, निवांत सकाळ आणि वही. पालकांना मी पहिलं सांगतो ते हे. पाच लाखांच्या रायफलीत कुठलातरी लॉट झाडण्यापेक्षा जुन्या रायफलीत पारखलेला लॉट जास्त दहा देतो.

दुसरा हिशेब दहाच्या वर्तुळाचा. गोळीचं छिद्र रेषेला नुसतं लागलं तरी वरचा गुण मिळतो. गोळी ५.६ मिलिमीटरची आहे, म्हणून तिचा मध्य केंद्रापासून आठ मिलिमीटरच्या आत आला की दहा. थोडक्यात, रायफलीला वावरायला सोळा मिलिमीटरची जागा आहे. चांगली मॅच रायफल आणि पारखलेला लॉट ही जोडी शिकंज्यात दहा गोळ्या बारा-चौदा मिलिमीटरमध्ये ठेवते. साधी स्पोर्टिंग रायफल साध्या गोळ्यांनी पंचवीस-तीसपर्यंत पसरते. म्हणजे त्या रायफलीने स्वतःच काही नऊ ठरवून ठेवलेले असतात, नेमबाज कितीही स्थिर असला तरी.

एवढं ऐकून वडिलांचा चेहरा कर्ज काढायला निघाल्यासारखा होतो. पण माणसाचा फैलाव आणि रायफलीचा फैलाव यांची सरळ बेरीज होत नाही. ढोबळमानाने दोघांचे वर्ग करायचे, मिळवायचे आणि वर्गमूळ काढायचं. दोन वर्षं शिकलेली मुलगी उभ्याने मारते तेव्हा तिच्या हाताचा फैलाव पंचेचाळीस मिलिमीटर धरू. पंचवीसच्या रायफलीने तिचा ग्रुप होईल सुमारे एकावन्न, तेराच्या रायफलीने सत्तेचाळीस. चार मिलिमीटरसाठी पाच लाख! हाच हिशेब पालथं पडून चौदा मिलिमीटरवर स्थिरावलेल्या पक्क्या नेमबाजाचा मांडा. साध्या रायफलीने तो अठ्ठावीस-एकोणतीसवर जातो, मॅच रायफलीने एकोणीसवर. त्याचे नऊ इथून येतात, आणि त्याच्यासाठी ती किंमत रास्त आहे. महाग रायफल चांगल्याला अधिक चांगलं करते. कच्च्याला ती फारसं काही देत नाही.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून, ६०० पैकी ५९७ मारून विश्वविक्रमाची बरोबरी केली आणि सुवर्ण आणलं. साठ गोळ्यांत तीनच गुण गेले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये तिन्ही पोझिशन मिळून पात्रता फेरीत ५९० मारले आणि अंतिम फेरीत ४५१.४ गुणांवर कांस्य घेतलं. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात, आणि एक दशांश म्हणजे केंद्रापासून ०.८ मिलिमीटर. लंडन ऑलिंपिकमध्ये २०१२ साली जॉयदीप कर्माकर यांचं कांस्य १.९ गुणांनी हुकलं आणि ते चौथे आले. ०.८ मिलिमीटरच्या मोजपट्टीवर खेळणाऱ्या माणसाला उत्तम बॅरल, नेमका कापलेला चेंबर आणि जुळलेला लॉट यांत तडजोड करायला सांगणं अन्यायाचं आहे. तिथे मी पैशाबद्दल एक शब्द बोलत नाही.

मात्र रायफलीची किंमत एकट्या बॅरलची नसते, आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीने बॅरल तर शेवटी येतं.

एनसीसीत ज्यांनी डिलक्स रायफलीने फायरिंग केलंय त्यांना तिचा ट्रिगर आठवत असेल. ती रायफल शिकवण्यासाठी फार गुणी आहे. पंचवीस मीटरवर पालथं पडून पाच गोळ्यांचा ग्रुप घेताना श्वास कुठे थांबवायचा, साइट कशी जुळवायची, गोळी सुटल्यावरही नजर कशी हलू द्यायची नाही, हे तिने कित्येक पिढ्यांना शिकवलं. पण तिचा ट्रिगर जड आहे, आणि अशा बहुतेक स्वस्त रायफलींचा असतो: दीड किलो, दोन किलो. मॅच रायफलीचा ट्रिगर शंभर ग्रॅमच्या आसपास लावता येतो. दोन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा घ्यायचा, भिंतीशी थांबायचं, आणि मग नुसतं ठरवायचं. उभ्या पोझिशनमध्ये नेम कधीच स्थिर नसतो, तो मध्यावरून सावकाश जात असतो. त्या क्षणी बोटाला दोन किलो दाबावे लागले तर हात त्या दाबण्यानेच हलतो. पिन सुटून गोळी बॅरलबाहेर पडेपर्यंत काही मिलिसेकंद जातात, आणि गोळी हळू असल्यामुळे त्या वेळेत झालेली हालचाल टार्गेटवर उमटते. चांगल्या ट्रिगरवर शिकलेलं मूल आपली चूक ओळखतं. जड ट्रिगरवर शिकलेल्याला चूक कुठली आपली आणि कुठली रायफलीची, हे कळतच नाही. पैशाला पहिली जागा द्यायची तर मी ट्रिगरला देतो.

आणि त्याच्या बरोबरीने स्टॉकला. वाढत्या वयाच्या मुलीची मान, खांदा, हाताची लांबी दर सहा महिन्यांनी बदलते. शिकारीच्या साध्या रायफलीचा लाकडी स्टॉक एकाच मापाचा असतो; मूल आपलं शरीर त्याला जुळवून घेतं, मान वाकवतं, गाल दाबतं, खांदा उचलतं. गुडघ्यावरच्या पोझिशनमध्ये तर वीस गोळ्या संपेपर्यंत पाठ बोलायला लागते. मॅच रायफलीत चीक पीस वर-खाली होतं, बट प्लेट लांब-आखूड आणि तिरकी होते, हँड स्टॉप सरकतो. आधी शरीर नैसर्गिक बसवायचं आणि रायफल त्याच्याकडे आणायची, हा आमच्या शिकवण्याचा पाया आहे. हलता न येणाऱ्या स्टॉकवर तो पाया घालताच येत नाही. चाळीस मिलिमीटरचा ग्रुप तीसवर आला तो नुसती बट प्लेट खाली सरकवल्यामुळे, असं मी अनेक मुलांच्या बाबतीत पाहिलंय. त्याला खर्च आला तो फक्त अ‍ॅलन कीचा.

मग असा ट्रिगर आणि असा स्टॉक नव्या महाग रायफलीतच मिळतो का? नाही, आणि हाच माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची मॅच रायफल आजही मॅच रायफलच आहे. अँशुट्झच्या ५४ मालिकेच्या अ‍ॅक्शनची मूळ रचना दशकानुदशकं फारशी बदललेली नाही. शिशाची मऊ गोळी आणि कमी वेग यांमुळे पॉइंट टू-टूचं बॅरल मोठ्या बोअरसारखं जळत नाही. नीट साफ ठेवलेलं बॅरल पन्नास हजार गोळ्यांनंतरही नवशिक्यापेक्षा कितीतरी अचूक असतं. ते खराब होतं बहुतेकदा चुकीच्या हाताने: बोअर गाइड न लावता रॉड घुसवणारे, चेंबरच्या तोंडाशी साचलेला कडक थर वर्षानुवर्षं तसाच ठेवणारे. नव्या साध्या रायफलीपेक्षा आणि नव्या महाग रायफलीपेक्षाही, शिकणाऱ्याला अशी जुनी, निगराणीतली मॅच रायफल जास्त उपयोगाची आहे.

अमेरिकेत प्रश्न वेगळा आहे. तिथे १९६४ पासून चालत आलेली रुगर १०/२२ किंवा चेक कारखान्याची सीझेड ४५७ घेऊन लोक डबे पाडतात, ससे मारतात, आणि त्या कामाला त्या उत्तम आहेत. सीझेड तर चांगल्या गोळ्यांनी किमतीच्या मानाने थक्क करणारा ग्रुप देते. आपल्याकडे या रायफलीचं काम खेळ हेच आहे, आणि परदेशी रायफल आणायची तर नामांकित नेमबाज म्हणून पात्र व्हावं लागतं. तोपर्यंत मूल क्लबच्या रायफलीवरच मारणार. १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना उभी केली ती लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांनी. राष्ट्रीय स्पर्धेची पायरी असलेली स्पर्धा त्यांच्याच नावाने होते. महाराष्ट्रातली किती मुलं क्लबची, आठ जणांनी वाटून घेतलेली रायफल घेऊन मावळंकरपर्यंत पोचलीत ते मी जवळून पाहिलंय. एकाची डिटेल, म्हणजे पाळी, संपली की पुढचा येऊन स्टॉकची मापं बदलतो. म्हणून आमची मुलं आपापली मापं वहीत मिलिमीटरमध्ये लिहून ठेवतात. ही सवय त्यांना पुढे स्वतःच्या रायफलीवरही उपयोगी पडते.

वाऱ्याबद्दल एवढंच. सेकंदाला एक मीटर वेगाची आडवी झुळूक या गोळीला पाच-सहा मिलिमीटर बाजूला नेते. बालेवाडीच्या रेंजवर पावसाळ्याच्या तोंडावर अशा झुळका मिनिटामिनिटाला दिशा बदलतात. झेंडी वाचायला शिकणं कुठल्याही दुकानात मिळत नाही. त्यासाठी गोळ्या झाडाव्या लागतात, आणि गोळ्यांना पैसे लागतात.

म्हणून माझा सल्ला ठरलेला आहे. ६०० पैकी ५७० च्या आसपास सातत्याने येईपर्यंत नवी रायफल घेऊ नका. तो पैसा नीट मापाच्या जॅकेटवर, बुटांवर, चांगल्या डायॉप्टरवर (मागच्या साइटवर) आणि सगळ्यात जास्त गोळ्यांवर घाला. ५७० नंतर मूल स्वतःच सांगेल की रायफल त्याला कुठे अडवते आहे, आणि तेव्हा कर्ज काढायलाही मी बरोबर येईन.

आणि एक विनंती, माझ्या वयाच्या नेमबाजांना. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी मॅच रायफल तेल लावून, कुलूपबंद पडून आहे. गेली कित्येक वर्षं तिच्यातून एकही गोळी सुटलेली नाही. परवान्याच्या सगळ्या नियमांत बसवून ती जवळच्या क्लबला किंवा एखाद्या होतकरू मुलीला रास्त किमतीत द्या. सोबत तिची जुनी टार्गेटं आणि तिला कुठला लॉट मानवतो ती नोंदही द्या.