दबलेली खंजिरी

१९९२ साली कळंबात मी कोणाला विचारलं असतं, "पास्कल कुठे मिळेल हो?", तर त्याने मला सरळ कृषी केंद्राचा रस्ता दाखवला असता. कापसाचा मुलूख, नावही फवारणीच्या औषधासारखं.

पास्कल ही कॉम्प्युटरची भाषा. झुरिकच्या निकलाउस विर्त यांनी १९७०च्या सुमारास ती तयार केली. विद्यार्थ्यांना शिस्तीत प्रोग्राम लिहायची सवय लागावी हा मुख्य हेतू. आमच्या इंजिनिअरिंगला ती दुसऱ्या वर्षी होती. लॅबमध्ये मशीनवर बसायला माझा नंबर पंधरवड्यातून एकदा लागायचा, तोही लाईन असली तर.

घरी मात्र कॉम्प्युटर होता. पुण्याच्या आत्येभावाने पीसी घेतला आणि आपला जुना डीबी स्पेक्ट्रम मला देऊन टाकला. इंग्लंडात क्लाइव्ह सिंक्लेअरच्या कंपनीने १९८२ साली काढलेलं हे यंत्र. त्याची सुधारलेली आवृत्ती डेसिबेल्स कंपनीने परवान्यावर आपल्याकडे विकायला आणली होती. दिसायला नुसता कीबोर्ड, बाकी सगळं त्याच्याच पोटात. पडदा म्हणून टीव्ही आणि साठवणीला साधा टेपरेकॉर्डर. मेमरी ४८ किलोबाइट. बेसिक ही भाषा त्याला जन्मजात येत होती, दुसरी कुठलीही बाहेरून भरावी लागे.

मी आत्येभावाला आंतर्देशीय पत्र टाकलं. उत्तर आलं, "शोधतो." आणि तो खरंच शोधत राहिला. नोकरी सांभाळून, रविवारी सायकलवर, कोणाकोणाच्या घरी. अखेर त्याच्या एका मित्राच्या मित्राकडे हायसॉफ्ट या इंग्लिश कंपनीची पास्कल निघाली. तिची नक्कल त्याने जुन्या गाण्यांच्या सी-६० कॅसेटवर उतरवली आणि ओळखीच्या माणसाबरोबर धाडली. महाराष्ट्र एक्सप्रेसने वर्धा, तिथून देवळीमार्गे एसटी. कळंबला रेल्वे आली ती थेट २८ फेब्रुवारी २०२४ला. (हायसॉफ्टला आमच्याकडून एक पैसाही पोचला नाही. तेव्हा त्यात काही गैर वाटलं नव्हतं, आता वाटतं.)

कॅसेट लावली. आधी लांब शिट्टी, मग खरखर, टीव्हीच्या कडेला पळणारे पट्टे. दोन-तीन मिनिटांनी पडद्यावर आलं: टेप लोडिंग एरर. पुन्हा लावली, पुन्हा तेच. आवाज कमी करून पाहिला, जास्त करून पाहिला. चार दिवस हाच उद्योग. या व्यवहारात नव्व्याण्णव टक्क्यांना काही किंमत नसते. हजारो बाइटांतला एक चुकला तरी सगळं भरलेलं फुकट.

चिंतामणीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका रेडिओ मेकॅनिकचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, वर टांगलेला बल्ब आणि पोट उघडून पडलेले रेडिओ. मी टेपरेकॉर्डर आणि कॅसेट घेऊन गेलो. "काका, हिच्यात कॉम्प्युटरची भाषा आहे," म्हणालो. त्यांनी मान हलवली, जणू अशी गिऱ्हाइकं रोजच येतात.

कॅसेट लावून ते डोळे मिटून ऐकत बसले. प्रोग्राम संपला तेव्हा खालचं जुनं गाणं अर्ध्यातून वर आलं. मी म्हटलं, "गाण्यावर आवाज नीट लावून द्या ना."

"गाण्यावर नोको," ते म्हणाले. "गानं कंपनीच्या मशीनवर भरलं, हे तुहं खरखर पुन्यातल्या कोन्या घरच्या मशीनवर. त्याचं हेड तिरपं असन, तं तुह्या मशीनचंही तितकंच तिरपं कराव लागन."

हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो. त्यात त्यांनी पेचकसाचं टोक घातलं आणि कान स्पीकरला लावला. स्क्रू पाव फेऱ्याइतकाही फिरला नसेल. उजवीकडे जरासा, परत, पुन्हा केसभर. खरखर आधी ओल्या पोत्यातून आल्यासारखी होती. एका जागी ती एकदम कोरडी, धारदार झाली. तिथे ते थांबले. स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा थेंब सोडला आणि फुंकर मारली.

"सांगून ठेवतो बाबू, आता घरच्या बाकी कॅसेटा दबक्या वाजतीन. खंजिरी मरन."

पाच रुपये झाले. माझ्या खिशात नव्हते. "दे मंग," म्हणाले.

त्या रात्री पास्कल पहिल्या फटक्यात भरली गेली. ती अर्धीमुर्धी पास्कल होती. फाइल हा प्रकारच तिच्यात नव्हता. पण लिहिलेला प्रोग्राम ती जागच्या जागी कंपाइल करायची आणि चालवू का विचारायची. हजारापर्यंतच्या मूळ संख्या काढायला बेसिकला एवढा वेळ लागे की आईचा चहा होऊन जाई. इथे वायचं बटण दाबलं आणि आकडे पडद्यावरून वाहूनच गेले. मधेच लाईन गेली की सगळं पुसलं जाई. मग पुन्हा शिट्टी, पुन्हा खरखर. शेजारच्या काकू विचारायच्या, "तुमच्याकडे बेडूक शिरला का?" वर्षभर मी त्या यंत्रावर पास्कल गिरवली. आज ज्या कामावर माझं घर चालतं, ते तिथे हाताला लागलं.

टेपरेकॉर्डर आईचा होता. पहाटे सडा घालताना ती तुकडोजी महाराजांची भजनं लावायची. हेड तिरपं झाल्यावर त्यांतली खंजिरीची छनछन गेली, आवाज गोधडीखालून आल्यासारखा. मला ते माहीत होतं आणि मी गप्प होतो. तीही काही बोलली नाही. कॅसेट मात्र रोज लावायची.

बऱ्याच वर्षांनी, त्या काकांचं दुकान बंद व्हायच्या सुमारास, त्यांच्याकडूनच कळलं. आई दुसऱ्याच आठवड्यात मशीन घेऊन त्यांच्याकडे गेली होती, आवाज का बसला ते विचारायला. त्यांनी सगळं सांगितलं, लगेच पूर्ववत करून देतो म्हणाले. "पोराची परीक्षा होऊ द्या," म्हणून ती मशीन तशीच परत घेऊन आली. परीक्षा झाल्यावर जाऊन तिने हेड सरळ करून घेतलं आणि दहा रुपये दिले. पाच त्या दिवसाचे, पाच माझ्या उधारीचे.