हिरवा देठ

मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाल्याचं वाचलं आणि मला आमच्या मंगळवेढ्याकडच्या रानातले भोपळे आठवले. कडू भोपळे. खायचे नव्हेत, तंबोऱ्याचे. फळ धरलं की आबा त्याखाली पाचट सारायचे, बूड नीट बसावं म्हणून अधूनमधून हलक्या हातानं सरळ करायचे. वेल पार वाळल्याशिवाय विळा लावायचा नाही, आणि तोडल्यावरही महिनोन्‌महिने वाळवत ठेवायचं. आत बिया खुळखुळल्या तरी आबा टिचकी मारून म्हणायचे, "ऱ्हाऊ दे अजून."

पाचवीत होतो. त्या साली एक भोपळा घागरीएवढा झाला होता. चोरीला जाईल या भीतीनं (खरं म्हणजे मिरजेला जायच्या घाईनं) मी तो हिरव्या देठावरच कापला आणि ढिगात दडवला. वाळता वाळता तो एका अंगानं खचला. आबांनी देठ पाहिला, माझ्याकडं पाहिलं. बोलले काहीच नाहीत.

मिरजेत चाचांनी सगळे भोपळे वाजवून घेतले. तो बाजूला सारला. "ये किसने तोडा?"

"मीच," आबा म्हणाले.

मोठ्या भोपळ्याचे पैसे गेले. माझी मान वर होईना. त्या दिवशी चाचा एका तंबोऱ्याची जवारी काढत होते. ज्या घोडीवर तारा टेकतात तिच्यावर कानशीचा एकच हलका हात फिरवायचा, फुंकर मारायची, तार पुन्हा चढवायची, छेडायची. मग तारेखालचं सूत केसभर सरकवून कान लावायचा. नाही जमलं, की तार परत सैल. जेवणवेळ टळून गेली. कंटाळून मी विचारलं, "चाचा, एकदम जास्त का घासत नाही?"

"जास्ती घासली तर ती परत कुठनं आणू बेटा?"

आबांनी माझ्याकडं बघायचं टाळलं. दिवस कलता कलता ती तार अशी घुमायला लागली, की रस्त्यावरचा एक सायकलवाला पाय टेकून उभा राहिला. मग चाचांनी दुसरी तार हाताशी घेतली. अजून तीन बाकी होत्या.

परतीच्या एसटीत तो खचका भोपळा आबांच्या मांडीवर होता. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी तोच माझ्या पाठीला बांधला आणि मला विहिरीत सोडलं. मी बुडालो नाही, पण पोहायला यायला वैशाख सरला.