कडेगाव, मिरज, पुसेसावळी : मुलांच्या मोबाईलमधून

पुसेसावळी हे सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यातलं गाव. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री समाजमाध्यमांवरच्या आक्षेपार्ह मजकुराचं निमित्त होऊन तिथे जमाव उसळला. मशिदीवर हल्ला झाला, जाळपोळ झाली, एक तरुण जिवानिशी गेला. जिल्ह्यातलं इंटरनेट बंद करावं लागलं. ज्या मोबाईलवरून हे पेटलं, तोच मोबाईल आमच्या शाळेतून शिकून गेलेल्या सहा मुलामुलींनी हातात घेतला. तीन आपली, तीन हिंदू, सगळी आता कॉलेजात. आपल्या भागावर छोटी फिल्म करायची म्हणाली, मला सोबत घेतलं.

मी तीनच अटी घातल्या. विचारल्याशिवाय कॅमेरा सुरू करायचा नाही. आपल्या मुलांनी हिंदू घरात बोलायचं, त्यांनी आपल्या घरात. आणि चित्रण आधी त्या माणसाला दाखवायचं.

मोहर्रमपूर्वी सांगली जिल्ह्यातल्या कडेगावला गेलो. इथले बांबूचे ताबूत शंभर फुटांच्याही वर जातात. अनेक ताबूत हिंदूंचे असतात आणि त्यांच्या भेटी पाहायला सगळा परिसर लोटतो. (ताबुतांबद्दल आपल्यात मतभेद आहेत. ते बाजूला ठेवून वाचावं.) मुलं आधी उंचीच टिपत राहिली. मग एकीने कॅमेरा खाली आणला, तेव्हा दोर ओढणारे हात दिसले. कुणाचा हात कुठला, हे ओळखता येईना. माझ्या मते फिल्म तिथे सुरू झाली.

मिरजेत तलवारी घडवणाऱ्या शिकलगारांच्या पुढच्या पिढ्या सतार-तंबोरे बनवू लागल्या. तिथे भोपळा तासण्याचा आवाज नीट मिळावा म्हणून पोरांनी पंखा बंद करायला लावला, तर कारागीर घामाघूम! पण याच मिरजेत २००९ मध्ये गणेशोत्सवातल्या कमानीवरच्या चित्रावरून दंगल झाली होती. तेही फिल्ममध्ये घेतलं. नुसती गोडगोड एकता दाखवली, तर ज्याच्या घरावर दगड पडला त्याला ती खोटी वाटते.

पुसेसावळीबद्दल मुलांचं एकमत होईना. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, जखम कशाला उकरायची?" दुसरी म्हणाली, "मग कडेगाव तरी कशाला दाखवायचं?" मला तिचं पटलं. गेलो.

चहाच्या दुकानात एक चाचा बसले होते. फोन बघताच म्हणाले, "चहा घ्या बाळांनो, पण ते खिशात ठेवा." पोरांनी निमूट ठेवले. पाऊण तास पाऊस, बटाट्याचा भाव, कुणाचं शिक्षण कुठवर आलं, असंच बोलणं झालं. त्या रात्रीचा विषय आम्ही काढला नाही, त्यांनीही नाही. निघताना मुलीने विचारलं, "चाचा, कडेगावची फिल्म झाली की इथे आणून दाखवू?"

त्यांनी कप खाली ठेवला. "आधी मला एकट्याला दाखवा. मग मी गावातल्या चार जणांना विचारतो."